दहा दिवस, सात गावं आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या एक ताई सप्टेंबरात दहा दिवस इटलीला चालल्या आहेत. बरोबर नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. रोम-फ्लोरेन्स-व्हेनिस ही नेहमीची वरात नको, मध्ययुगीन डोंगरी गावं बघायची, रानातून थोडं चालायचं, 'स्लो टुरिझम' करायचा. यादी तयार आहे: चिंक्वे तेर्रे, सान जिमिन्यानो, ओर्विएतो, चिविता दी बान्योरेज्यो, आसीसी, सांतो स्तेफानो दी सेस्सानियो आणि मातेरा. घरात शाकाहार, अंडं चालतं. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण पर्वती अजून चढतात. गावांचा क्रम कसा लावावा आणि गाडी न घेता जमेल का, असं त्यांनी विचारलंय.

मी लहान गटांना मध्य इटलीत चालायला नेते, त्यामुळे अशा याद्या माझ्याकडे सतत येतात. ताई, स्पष्ट सांगते, राग मानू नका: ही यादी कुठल्याही क्रमाने लावली तरी धावपळच होणार. चिंक्वे तेर्रे लिगुरियाच्या किनाऱ्यावर, मातेरा पार दक्षिणेला बासिलिकातात. या दोन टोकांमध्ये गाड्या बदलत अख्खा दिवस जातो. दहा दिवसांतला येण्याचा आणि परतीचा दिवस वजा केला की हातात आठ उरतात. त्यात सात गावं म्हणजे रोज सकाळी बॅगा भरायच्या, दुपारी नव्या गावात चावी शोधायची, संध्याकाळी फोटो काढायचे आणि रात्री उद्याच्या गाडीची वेळ बघत झोपायचं. गावं जुनी असली म्हणून सहल संथ होत नाही.

इटलीच्या संस्कृती आणि पर्यटन मंत्रालयाने २०१९ हे 'संथ पर्यटनाचं वर्ष' म्हणून जाहीर केलं होतं. तेव्हापासून हे बिरूद प्रत्येक सहल कंपनीच्या पत्रकावर चिकटलंय, अगदी पाच दिवसांत नऊ गावं दाखवणाऱ्यांच्यासुद्धा. त्यामुळे 'स्लो' लिहिलंय म्हणून पैसे भरू नका. एका पलंगावर सलग किती रात्री, तेवढं एकच विचारा. माझ्या लेखी उत्तर चारच्या खाली आलं तर ती साधी सहल समजावी. साधी सहल वाईट नसते, पण तुम्हाला हवी ती नव्हे.

चारच का, तर डोंगरी गावाचं एक वेळापत्रक असतं आणि ते आपल्याला पहिल्या दिवशी कळत नाही. किराणा दुकान दुपारी एकच्या सुमारास बंद होतं ते साडेचार-पाचला उघडतं, आठवड्यातून एक दुपार उघडतच नाही. खानावळीत जेवण साडेबारा ते अडीच, मग रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळेत मुलीला भूक लागली तर कॉफीच्या बारमधला सुका बिस्किटवजा केक, नाहीतर काहीच नाही. पहिला दिवस यात ठेचकाळण्यात जातो. दुसऱ्या दिवशी आपण गाव 'बघतो'. तिसऱ्या दिवशी बारवाली आपली कॉफी न विचारता ओतते, कुठली पायवाट चिखलाची आहे आणि कुठे मेंढ्या आल्यात ते सांगते. चौथ्या दिवशी आपण तिच्या सांगण्याप्रमाणे चालतो. गावाची खरी मजा याच दोन दिवसांत असते आणि दोन रात्रींच्या मुक्कामात नेमके तेच हुकतात.

आता तुमच्या यादीतलं काय ठेवावं? चिंक्वे तेर्रेला दिवसभर आगगाडीतून लोंढे उतरत असतात, ते या खेपेला सोडा. मातेरा अप्रतिम आहे, पण ते शहर आहे आणि वाटेपासून लांब आहे. सान जिमिन्यानो दुपारी दुकानांच्या रांगेसारखं वाटतं. तिथे रात्री राहणाऱ्यालाच ते भेटतं. चिविता दी बान्योरेज्यो म्हणजे मऊ तुफा खडकाच्या सुळक्यावरचं गाव, कडे ढासळत असल्यामुळे हळूहळू झिजत चाललेलं. आत जायला एकच पादचारी पूल. २०१३ पासून प्रवेशाला तिकीट आहे आणि कायमचे रहिवासी बोटांवर मोजण्याइतके. पाहण्यासारखं आहेच, पण मुक्कामाचं गाव म्हणून मी ते धरत नाही, कारण तिथे आता तुमच्यासारखे पाहुणेच एकमेकांना बघत असतात. ओर्विएतो रोमहून रेल्वेने सोपं आहे. परतीच्या वाटेवर अर्धा दिवस मिळाला तर करा.

राहिले आसीसीचा परिसर आणि सांतो स्तेफानो. यांतलं एक निवडा. दोन्ही नाही. निवड एकाच गोष्टीवर ठरते: तुमच्यापैकी कोणी तिकडे गाडी चालवायला तयार आहे का?

कोणीच चालवणार नसेल तर उंब्रियात, म्हणजे आसीसीच्या प्रांतात जा. आसीसीतही राहू नका, शेजारच्या स्पेल्लोत राहा. स्पेल्लो रेल्वेमार्गावर आहे, स्थानकापासून गावाची वेस दहा मिनिटांवर. सुबाझियो डोंगराच्या उतारावर गुलाबीसर दगडांचं गाव, खाली रोमन दरवाजे, वर मध्ययुगीन गल्ल्या. सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये पिंतुरिक्कियो या चित्रकाराने १५०१ मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. ती गर्दीविना, खुर्चीत बसून बघता येतात. आणि सासूबाईंसाठी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे स्पेल्लोहून कोल्लेपीनो या वाडीपर्यंत जुन्या रोमन जलवाहिनीच्या कडेने जाणारी वाट. पाणी उताराने वाहावं म्हणून रोमनांनी जो मंद चढ धरला तोच वाटेला मिळालाय. जैतुनाच्या बागांमधून पाचेक किलोमीटर, गुडघ्याला जवळजवळ काहीच त्रास नाही. आसीसी रेल्वेने एका दिवसात जाऊन येता येतं. फक्त एवढं लक्षात ठेवा की आसीसीचं स्थानक खाली सपाटीवर आहे आणि गाव वर, मधे बस घ्यावी लागते. आसीसी ते स्पोलेतो हा सगळा पट्टा जैतुनाचा आहे, शाकाहाऱ्याला जेवायची चिंता नाही. गाडीविना याहून निवांत जागा मला तरी माहीत नाही.

पण तुमचे यजमान गाडी चालवणार असतील, तर मी तुम्हाला अब्रुत्सोत पाठवीन. रोमच्या पूर्वेला दीडशेएक किलोमीटर, आपेनिन पर्वताच्या कण्यात. ग्रान सास्सो या डोंगररांगेच्या राष्ट्रीय उद्यानातलं सांतो स्तेफानो दी सेस्सानियो १२५१ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडं खाली. घरं पांढुरक्या चुनखडीची, एकमेकांना अशी चिकटवलेली की बाहेरच्या घरांच्या पाठभिंती मिळून गावाचा तट होतो. वेगळा कोट बांधायचा खर्च वाचवलेला. आत बोळ, बोळावर कमानी, कमानीवर पुन्हा कोणाची तरी खोली. दुपारी बारालासुद्धा काही बोळांत अंधार असतो, त्यामुळे खिशात छोटी बॅटरी ठेवा.

या आडगावाच्या वेशीवर मेदिची घराण्याचं चिन्ह कोरलेलं दिसेल. फ्लोरेन्सवर राज्य करणारे मेदिची इथे कशाला आले? लोकरीसाठी. १५७९ मध्ये फ्रांचेस्को दे मेदिचीने हा मुलूख विकत घेतला आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षं तो त्या घराण्याकडे राहिला. इथल्या मेंढ्या उन्हाळ्यात वरच्या काम्पो इम्पेरातोरे पठारावर चरायच्या आणि थंडीआधी दक्षिणेला पुलियाच्या मैदानात उतरायच्या. दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे उतरणारे धनगर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. फरक एवढाच की इकडे त्या वाटांवर राज्याचा हिशेब होता. १४४७ मध्ये नेपल्सचा राजा आरागोनचा आल्फोन्सो याने मेंढ्यांवरच्या कराचं खातंच उघडलं. 'त्रात्तुरो' म्हणतात त्या मेंढवाटांची ठरलेली रुंदी १११ मीटर, आणि अब्रुत्सोची राजधानी लाक्विलाहून पुलियातल्या फोज्जापर्यंतची मोठी वाट सुमारे २४४ किलोमीटर. युनेस्कोने २०१९ मध्ये या ऋतुमानी स्थलांतराची अमूर्त वारशात नोंद केली.

एकोणिसाव्या शतकात पुलियातली चराऊ मैदानं नांगराखाली गेली, लोकरीचा धंदा बसला आणि माणसं अमेरिकेला, नंतर रोमला गेली. आज सांतो स्तेफानोत शंभराच्या आसपास माणसं राहतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण गावाचं जे रूप आपण 'किती जपलंय' म्हणून वाखाणतो ते बरंचसं पैसा आटल्यामुळे टिकलंय. सिमेंटचे मजले चढवायला कोणी उरलंच नव्हतं. त्यात ६ एप्रिल २००९ च्या लाक्विलाच्या भूकंपात ३०९ माणसं गेली आणि या गावाचा गोल मेदिची मनोरा ढासळला. आता तो पुन्हा बांधलाय. पण आजूबाजूच्या गावांत अजूनही क्रेन आणि लाकडी टेकू दिसतील, काही गल्ल्या बंद असतील. फोटोत क्रेन येते म्हणून कुरकुरणारे लोक मी ऐकलेत. त्यांनी स्पेल्लोला जावं.

राहायला इथे दोन प्रकार. एक 'आल्बेर्गो दिफ्फुझो', म्हणजे गावभर विखुरलेलं हॉटेल: कचेरी एका घरात, न्याहारी दुसऱ्यात, तुमची खोली तिसऱ्या गल्लीत. १९७६ च्या भूकंपानंतर ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीत ओस पडलेल्या घरांचं काय करायचं यातून ही कल्पना निघाली. सांतो स्तेफानोतलं असं हॉटेल बरंच गाजलेलं आहे आणि खोल्या मुद्दाम जुन्यासारख्या मिणमिणत्या ठेवल्यात. नवराबायकोला छान, सासूबाईंना रात्री उठल्यावर पायरी दिसणार नाही. तुम्ही दुसरा प्रकार घ्या: स्वयंपाकघर असलेलं साधं घर, शक्यतो वेशीजवळ. गाडी वेशीबाहेरच राहते. पुढे दगडी पायऱ्या आणि गोटे, चाकांच्या बॅगा तिथे रडतात. पाठीवरच्या सॅक आणा, आणि कितीही मोह झाला तरी सासूबाईंना त्यांची ती मोठी हिरवी बॅग घेऊ देऊ नका. हिरवी नसेल तर निळी असेल. प्रत्येक घरात एक असते.

चालण्याकडे वळते. सह्याद्रीत चाललेल्या लोकांना वाटतं, हे काय, सोपंय. चढाला खरंच सोपं आहे. अडचण वेगळीच येते: सावली नाही आणि पाणी नाही. चुनखडीत पाणी मुरून जातं, ओढे जवळपास नसतातच. गावातल्या कारंज्यावर बाटल्या भरून निघायचं, माणशी दीड लीटर, मग वाटेत भरवसा कशावरही ठेवायचा नाही. पायवाटांवर इटालियन आल्पाइन क्लबच्या लाल-पांढऱ्या पट्ट्या असतात. हा क्लब १८६३ चा, त्यामुळे खुणांची शिस्त जुनी आहे. पाटीवर अंतराऐवजी बहुधा वेळ लिहिलेली असते. ती चालत्या माणसाची असते, फोटो काढत्या माणसाची नव्हे, दीडपट धरा. वाटेची श्रेणीही दिलेली असते: 'टी' म्हणजे सहज, 'ई' म्हणजे डोंगरी वाटेची सवय हवी, 'ईई' म्हणजे अनुभवी लोकांसाठी. तुमच्यासाठी 'टी' आणि निवडक 'ई'. ग्रान सास्सोचं सर्वांत उंच शिखर, २९१२ मीटरचं कोर्नो ग्रान्दे, खालून बघा, मुलगी मोठी झाली की चढा.

एक वाट मात्र चुकवू नका: सांतो स्तेफानोहून रोक्का कालाशो. दीड ते दोन तास, आधी गावाच्या खालच्या मसुरीच्या वावरांकडेने, मग उघड्या माळावरून. १४६० मीटरवर किल्ला: मधे चौकोनी बुरूज, चार कोपऱ्यांना चार गोल. टेहळणीचा मधला बुरूज आधीचा, कोपऱ्यातले पंधराव्या शतकातले. १७०३ च्या भूकंपानंतर वरच्या वस्तीतली माणसं खाली कालाशो गावात उतरली आणि वरची घरं ओस पडली. सांतो स्तेफानोकडून येताना आधी सांता मारिया देल्ला पिएता हे आठ कोनांचं छोटं देऊळ लागतं, एकटंच, मागे ग्रान सास्सोची भिंत. सासूबाईंसाठी माझा नेहमीचा तोडगा सांगते. यजमानांनी त्यांना गाडीने कालाशोच्या बाजूने शक्य तितकं वर न्यावं, तिथून किल्ल्याचा टप्पा छोटा पण खडबडीत आहे. तुम्ही आणि मुलीने चालत यावं, देवळापाशी भेटावं आणि परत सगळ्यांनी गाडीने उतरावं. पर्वती चढता येते हे ऐकून बरं वाटलं, पण पर्वतीला पायऱ्या आहेत. इथे उतरताना पायाखाली सुटे धारदार दगड सरकतात, आणि कुरकुरणारा गुडघा बोलतो तो उतरतानाच. चालायच्या दोन काठ्या पुण्यातूनच घेऊन या. बूट जड नकोत, तळवा पकड घेणारा हवा.

आणि आता कुत्रे. हा भाग यजमानांना आणि मुलीला वाचून दाखवा. इथल्या कळपांबरोबर मोठे पांढरे मारेम्मानो-अब्रुत्सेझे जातीचे कुत्रे असतात. या डोंगरात लांडगे आहेत आणि कुत्र्याचं काम कळप राखणं, तुमचे लाड करून घेणं नाही. बरेचदा मेंढपाळ जवळ दिसत नाही, कुत्रे मात्र गवतात पडून असतात आणि तुम्ही शंभर पावलांवर आलात की भुंकत उठतात. आपली सह्याद्रीतली सवय म्हणजे खाली वाकायचं, दगड उचलल्यासारखं करायचं. इथे ते अजिबात करू नका. काठी उगारायची नाही, पळायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. थांबायचं, मुलीला आपल्या मागे घ्यायचं, हळू आवाजात काहीही बोलत राहायचं (मराठी चालतं), आणि कळपापासून लांबचा वळसा घेत बाजूला सरकायचं. कळप आणि कुत्रा यांच्या मधे कधीही शिरायचं नाही, गोंडस कोकरू दिसलं तरी. तुम्ही कळपाकडे येत नाही एवढं कळलं की ते आपोआप मागे फिरतात. वळसा घ्यायला जागा नसेल तर त्या दिवशी परत फिरा.

सप्टेंबर महिना उत्तम निवडलात. ऑगस्टमध्ये, विशेषतः पंधरा तारखेच्या सणाच्या आठवड्यात, अर्धं रोम इथे असतं आणि दुपारी वळिवासारखी वादळं येतात. सप्टेंबरात हवा स्थिर होते, मेंढ्या अजून वर असतात. महिन्याच्या सुरुवातीला सांतो स्तेफानोत मसुरीची जत्रा भरते. गर्दी चालत असेल तर मजा आहे, नाहीतर पुढचा आठवडा धरा. उलट अडचण अशी की सप्टेंबरच्या मध्यानंतर काही खानावळी फक्त शनिवार-रविवार उघड्या असतात. म्हणून तर स्वयंपाकघर हवं म्हटलं. संध्याकाळी तापमान दहा अंशांच्या आसपास उतरतं आणि दगडी घरात हीटर सप्टेंबरात सहसा लावलेला नसतो. सासूबाईंचा स्वेटर आणि कानटोपी हातातल्या सामानात ठेवा.

शाकाहाराचं सांगते. अब्रुत्सो हा मटणाचा मुलूख. मेंढीच्या मटणाच्या बारीक काड्या, 'आरोस्तिचीनी', निखाऱ्यावर भाजलेल्या सगळीकडे दिसतील, वासही येईल. सासूबाईंना आधीच कल्पना द्या. पण याच डोंगरात सांतो स्तेफानोची मसूर पिकते. हजार मीटरच्या वर, दगडी वावरात, कापणी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा नवी आलेली असेल. आपल्या अख्ख्या मसुरीपेक्षा निम्म्या आकाराची, काळपट तपकिरी. भिजवायची गरज नाही, अर्ध्या-पाऊण तासात साध्या भांड्यात शिजते, कुकर लागत नाही. तिकडे तिचं लसूण आणि तमालपत्र घातलेलं पातळ सूप करतात, वरून कच्चं जैतुनाचं तेल आणि भाजलेला पाव. खानावळीत मागवताना मात्र 'सेन्त्सा पान्चेत्ता' असं स्पष्ट सांगा, कारण फोडणीत डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे. सुपाचं पाणी मांसाचं नाही ना, हेही विचारा. घरी केलीत तर हिंग-जिरं-गूळ-आमसुलाची आमटी होते. माझ्या गटांतल्या लोकांना चौथ्या दिवशी तीच लागते.

चीज खाणारं घर असेल तर एक गोष्ट माहीत असावी. इथलं मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो सहसा कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. डोंगरापलीकडच्या फारिंदोला गावचं पेकोरीनो तर डुकराच्या विरजणासाठीच प्रसिद्ध आहे. काहींना चालतं, काहींना कळल्यावर घास उतरत नाही. ताटात यायच्या आत ठरवलेलं बरं. निखळ शाकाहारी नाश्त्याला पाव, टोमॅटो, जैतून, मध, फळं आहेतच. ऑक्टोबरअखेर आलात तर नावेल्लीच्या पठारावर केशराची फुलं पहाटे खुडताना दिसली असती. एक किलो केशराला दीड-दोन लाख फुलं लागतात, भाव त्यानुसार. सप्टेंबरात फक्त डबी मिळेल.

पैसे कुठे खर्च करता यालाही महत्त्व आहे, हे शेवटी न सांगता इथेच सांगते. सकाळी रोमहून बाटल्या-सँडविच घेऊन येणारे आणि संध्याकाळी परत जाणारे पाहुणे गावाला फक्त कचरा देऊन जातात. शंभर माणसांच्या गावातलं किराणा दुकान हिवाळ्यात तग धरतं ते तुमच्यासारख्यांनी सप्टेंबरात घेतलेल्या दुधा-पावावर. लाक्विलाच्या मोठ्या सुपरमार्केटमधून आठवड्याचा बाजार भरून आणू नका. मसाले पुण्यातून, बाकी गावातून. मसूर थोडी महाग पडेल. पडू दे.

गाडीविषयी चार गोष्टी. भारतातून निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. नुसतं आपलं लायसन्स तिथे चालत नाही. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. गाड्या बहुतेक हाताने गिअर टाकायच्या. ऑटोमॅटिक हवी तर आधी सांगा, आणि तिकडे उजवीकडून चालवायचं असल्यामुळे गिअर उजव्या हाताला येतो. शहरांच्या जुन्या भागात 'झेड-टी-एल' (बाहेरच्या गाड्यांना बंदी) पाटी असेल तर आत शिरू नका, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी पुण्यात येतो. मुलीची उंची दीडशे सेंटिमीटरच्या आत असेल तर इटलीत तिला बूस्टर आसन बंधनकारक आहे, तेही गाडीबरोबरच आरक्षित करा. पोहोचल्या दिवशी रात्रभरच्या विमानप्रवासानंतर डोंगरात गाडी नेऊ नका. रोममध्ये झोपा, सकाळी निघा.

गाडीविना अब्रुत्सो अगदीच अशक्य आहे असं नाही. रोमच्या तिबुर्तीना स्थानकावरून लाक्विलाला बस पावणेदोन तासांच्या आत-बाहेर नेते. पुढे गावाकडच्या बस मोजक्या असतात आणि वेळापत्रकातले तीन शब्द ओळखावे लागतात: 'फेरियाले' म्हणजे सोमवार ते शनिवार, 'फेस्तीवो' म्हणजे रविवार-सणवार, 'स्कोलास्तिको' म्हणजे शाळा चालू असेल तेव्हाच. तुमचं पान 'स्कोलास्तिको' असेल आणि शाळा उघडली नसेल तर बस येणार नाही. दोघं तरुण असतील तर मी यावर पाठवते. मुलगी आणि सासूबाईंसह नाही.

तर अब्रुत्सो ठरलं तर असं करा: एक रात्र रोम, दोन रात्री लाक्विला (शहर बघायला आणि गाडीचा हात बसायला), पाच रात्री सांतो स्तेफानो, परतीआधी एक रात्र रोम. पाचपैकी एक दिवस रोक्का कालाशो, एक दिवस गाडीने काम्पो इम्पेरातोरेवर जाऊन तासभर सपाटीवर चालणं, एक दिवस शेजारचं कास्तेल देल मोन्ते गाव. उरलेले दोन दिवस कोरे ठेवा आणि ते विमानात बसून भरू नका. स्पेल्लो ठरलं तर रोम एक, स्पेल्लो सहा, ओर्विएतो एक, रोम एक.

व्हिसाला याचा फायदाच होतो. शेंगेन अर्जाला रोजच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. सात गावांची सात आरक्षणं आणि मधल्या गाड्या दाखवण्यापेक्षा हे सोपं जातं. विमा किमान तीस हजार युरोंचा हवा. तो घेताना डोंगरात चालणं आणि तिथून उचलून आणणं त्यात धरलंय का ते वाचा. संकटात फोन ११२.

आता क्रम विचारलात तो कामांचा सांगते. आधी यजमान गाडी चालवणार का ते पक्कं करा. मग घर शोधा, मग व्हिसा, तिकिटं बदलता येणारी. घरमालकाला इटालियनमध्ये छोटं पत्र पाठवा (फोनवरचं भाषांतर पुरतं) आणि तीनच गोष्टी विचारा: आम्ही असू त्या दिवसांत किराणा दुकान आणि खानावळ कधी बंद आहे, हीटर लावता येईल का आणि त्याचे पैसे वेगळे का, आणि गाडी लावतो तिथून दारापर्यंत पायऱ्या किती. तिसऱ्याचं उत्तर 'थोड्याच आहेत' असं आलं तर आकडा मागून घ्या.